दुकानासमोर उभी गाडी, तिच्या उजवीकडे मी

मडगार्ड

तीन आठवड्यांपूर्वी सायकलवरून पडले. उजवं मनगट प्लास्टरमध्ये आहे, त्यामुळे हे सगळं डाव्या हाताच्या एका बोटाने टंकलंय. शुद्धलेखन तपासू नका.

कर्वेनगर भागातला रस्ता, संध्याकाळचे पावणेसात. डावीकडे दुकानांची ओळ: बेकरी, औषधं, मोबाइल, कपडे, पुन्हा बेकरी. ओळीसमोर चारचाकी एकीला एक चिकटून. मी त्यांच्या उजवीकडून, फूटभर अंतर सोडून चालले होते. एका पांढऱ्या गाडीचं चालकाच्या बाजूचं दार उघडलं. 'टक्' एवढाच आवाज आठवतोय. पुढच्या क्षणी मी डांबरावर, आणि पिशवीतले टोमॅटो दुभाजकापर्यंत पोचलेले. मागच्या रिक्षावाल्या काकांनी कचकचून ब्रेक मारला म्हणून आज धागा काढतेय.

दार उघडणारा मुलगा भला निघाला. स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेलं, एक्स-रे होईपर्यंत थांबला, टोमॅटोसुद्धा गोळा करून आणले होते त्याने. सारखं म्हणत होता, "मॅडम, मी आरशात बघितलं होतं हो." बघितलंही असेल. आरशात त्याला मागून येणारी बस दिसली असेल, ती लांब होती. सायकल त्याच्या डोळ्यांना वाहन म्हणून दिसलीच नाही. त्याच्यावर राग नाही, म्हणून हा धागा त्याच्याबद्दल नाही.

धागा रस्त्याबद्दल आहे. पुढच्या रविवारी सकाळी भावाला घेऊन गेले आणि टेपने मोजलं. फुटपाथच्या कडेपासून दुभाजकापर्यंत ६.४ मीटर. गाडी कडेपासून ३० सेंटीमीटर सोडून उभी, तिची रुंदी पावणेदोन मीटर. दार पूर्ण उघडलं की आणखी एक मीटर. उरले ३.३५. बस २.६ मीटर रुंद. म्हणजे बस शेजारून जात असताना दाराच्या टप्प्याबाहेर राहायचं असेल तर मला मिळतात ७५ सेंटीमीटर, आणि माझं हँडल आहे ६० सेंटीमीटर. दोन्ही बाजूंना साडेसात-साडेसात. मनगटाची जाडी तेवढी असेल.

आता गंमत. त्या रस्त्याला सायकल ट्रॅक आहे! फुटपाथला लागून, लाल रंगाचा, त्यावर पांढऱ्या रंगात सायकल काढलेली. त्या सायकलीच्या पुढच्या चाकावर एक अ‍ॅक्टिव्हा उभी होती, मागच्या चाकावर भेळेची गाडी. रविवारी सकाळी आठला. संध्याकाळी काय असतं ते सांगायला नको.

हेल्मेट होतं. मागे लाल दिवा होता. अंगावर पिवळं जाकीट होतं. हे आधीच सांगून टाकते म्हणजे पहिले पाच प्रतिसाद वाचतील.

खारी_बिस्किट

लवकर बऱ्या व्हा. बाकी पॉपकॉर्न घेऊन बसलोय, कारण धाग्यात 'पार्किंग' हा शब्द आलाय.

रिव्हर्स_गिअर

मडगार्ड, वाईट वाटलं वाचून. पण दुसरी बाजूही मांडतो. मी रोज गाडी चालवतो. सायकलवाले (तुम्ही नाही, सर्वसाधारण) दोन गाड्यांमधल्या मोकळ्या जागेत आत शिरतात आणि पुढच्या गाडीपाशी एकदम बाहेर येतात. मागच्याने काय समजायचं? आणि दुकानात जायचं तर गाडी लावायची कुठे? डोक्यावर घेऊन जाऊ? रोड टॅक्स भरतो आम्ही.

मडगार्ड

आत शिरण्याबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. पहिल्या वर्षी मीही तेच करायचे. मोकळी जागा दिसली की सभ्यपणे आत, गाडी आली की बाहेर. प्रत्येक वेळी बाहेर येताना मागच्यासाठी मी नव्यानेच उगवलेली असते. आता सरळ रेषा धरते, मोकळी जागा आली तरी आत जात नाही. मग मागून हॉर्न, "ताई, कडेने चला की!" कडेला तर गाडी उभी आहे हो.

रोड टॅक्सचं म्हणाल तर, तो वाहन रस्त्यावर चालवण्याचा कर आहे. आठ तास उभं करण्याचं भाडं नाही.

जुना_पेठी

आमच्या वेळी पुण्यात सायकलला बिल्ला लागायचा, दिवा नसला तर दंड, डबलसीट दिसलं तर दंड. हवालदार कोपऱ्यावर लपून उभा असे आणि आम्ही त्याच्या अलीकडे वीस पावलांवर उतरून सायकल हातात धरून, सभ्य चेहऱ्याने पुढे जात असू. म्हणजे सायकल हे वाहन आहे हे त्या दंडातून तरी मान्य होतं. आज कोणी दंडही करत नाही. हिशेबातच नाही, तर दंड कसला?

अवांतर: जंगली महाराज रस्ता १९७०च्या दशकात बांधला तेव्हा दहा वर्षांची हमी घेतली होती आणि नंतर कित्येक दशकं त्याला खड्डा पडला नाही, हे आम्ही पाहुण्यांना शनिवारवाड्याइतक्याच अभिमानाने सांगत असू. तेव्हा त्याच्या दोन्ही कडा रिकाम्या असत. सायकली भिंतीला टेकवलेल्या. साठ सायकलींना जेवढी जागा लागे तेवढ्यात आज सहा मोटारी राहतात.

तीन_टक्के_उतार

रस्त्यांच्या कामात आयुष्य गेलंय, त्यामुळे जरा लांबेल. चहा घेऊन बसा.

मडगार्डताईंनी मोजमाप केलं हे उत्तम. फक्त अजून एक मीटर मोजायचं राहिलं: फुटपाथच्या पलीकडचं. इमारतीच्या रेषेपासून सुरू करा. दुकानापुढे फ्रंट मार्जिन असतं, म्हणजे इमारतीपुढची सोडलेली जागा. मंजूर नकाशात ते मोकळं असतं. बऱ्याच ठिकाणी गिऱ्हाइकांच्या दुचाक्या तिथेच मावल्या असत्या. प्रत्यक्षात तिथे पत्र्याची शेड येते, मग काउंटर पुढे सरकतो, मग पायऱ्या, मग पुतळ्याला घातलेला ड्रेस. दुकान दोन मीटर पुढे आलं की दुचाकी फुटपाथवर येते, फुटपाथवरचा माणूस ट्रॅकवर, ट्रॅकवरची सायकल रस्त्यावर. तुमचं मनगट त्या शेडने मोडलंय असं म्हटलं तर फार चूक होणार नाही.

दुसरं, ट्रॅकची जागा. आपल्याकडे गाडी डावीकडे उभी राहते आणि चालक उजवीकडे बसतो. म्हणजे प्रत्येक गाडीचं जे दार हमखास उघडतं ते वाहतुकीच्या बाजूला, नेमकं सायकल जिथे असते तिथे उघडतं. डावं दार सोबत कोणी असेल तरच उघडतं. म्हणून ट्रॅक गाड्यांच्या उजवीकडे नुसता पट्टा मारून काढणं म्हणजे सायकलवाल्याला आखून दिलेल्या जागी दार खायला लावणं. असा पट्टा नसलेला बरा. ट्रॅक हवा गाड्यांच्या डावीकडे, फुटपाथ आणि पार्किंगच्या मध्ये. मग उभी गाडीच भिंत होते. न्यूयॉर्कमध्ये नाइन्थ अव्हेन्यूवर २००७ साली हेच केलं, कोपनहेगनमध्ये त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. मात्र गाडी आणि ट्रॅकच्या मध्ये दाराएवढी नाही तरी अर्धा-पाऊण मीटरची पट्टी सोडावी लागते. आपल्याकडे नकाशात ती असते, साइटवर ती पहिली खाल्ली जाते.

तिसरं, उंची. ट्रॅक रस्त्याच्या पातळीत ठेवला तर गाडी सरळ चढते. फुटपाथच्या पातळीत ठेवला तर माणसं चालतात, आणि त्यांचं चुकतही नाही, कारण फुटपाथ भरलेला असतो. रस्त्याहून चार-सहा इंच वर आणि फुटपाथहून दोन इंच खाली, असा मधला टप्पा ठेवला तर निदान तिघांना आपापली जागा पायाला कळते. पण मग प्रत्येक दुकानदाराला, प्रत्येक सोसायटीला रॅम्प हवा असतो. दर दहा मीटरला ट्रॅक खाली-वर, खाली-वर. सायकलवाला दोन दिवसांत कंटाळून रस्त्यावर उतरतो आणि मग म्हणायचं, "बघा, ट्रॅक वापरतच नाहीत."

चौथं, बोलार्ड. सगळे म्हणतात खांब लावा. चारचाकीला लागू, दुचाकीला नाही. सायकलचं हँडल ६० सेंटीमीटर आणि स्कूटरचं ७० च्या आसपास. ज्या फटीतून सायकल आरामात जाते तिच्यातून स्कूटर थोडी तिरकी होऊन जातेच. युरोपच्या पुस्तकांत याला उत्तर नाही, कारण त्यांच्याकडे आपल्याएवढ्या दुचाक्याच नाहीत. हा आपला प्रश्न आहे आणि तो आपल्यालाच सोडवावा लागेल. माझं मत: ट्रॅकवरची दुचाकी हटवायची असेल तर तीस पावलांत दुचाकीची आखलेली जागा द्या, चारचाकीची एक जागा काढून. एका मोटारीच्या जागेत पाच-सहा दुचाक्या सहज लागतात. आमच्या बैठकांत हे वाक्य उच्चारलं की खोलीत शांतता पसरते.

कागदावर सगळं आहे बरं का. सायकल ट्रॅकसाठी आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेस, रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था) मानक ११ ची २०१५ ची आवृत्ती आहे, पादचाऱ्यांसाठी १०३ ची २०१२ ची. चालायला किमान १.८ मीटर मोकळे असावेत हे त्यात स्पष्ट आहे. पुण्याची रस्त्यांच्या रचनेची मार्गदर्शक तत्त्वं २०१६ ची, सायकल आराखडा २०१७ चा, आठशे किलोमीटरच्या वर जाळं दाखवणारा. शहराला कागद कमी पडलेले नाहीत.

पाटावरवंटा

उतारकाका, प्रतिसाद जपून ठेवतेय. पण काँक्रीट आणि ब्लॉकमधल्या फटीबद्दल लिहा ना! काँक्रीटचा स्लॅब संपतो आणि कडेचे पेव्हर ब्लॉक सुरू होतात, तिथे लांबच लांब फट पडते, वर अर्ध्या इंचाची पायरी. माझ्या मुलीच्या सायकलचं चाक त्यात अडकून ती आडवी झाली. शाळेचा तिसराच दिवस होता. कडेने चल, कडेने चल, असं मीच सांगितलं होतं.

तीन_टक्के_उतार

ती फट आणि चेंबरची झाकणं. दोन्ही कडेलाच. कारण कडा ही कोणाच्या येण्याजाण्याची जागा आहे असं ड्रॉइंगमध्ये कोणी धरलेलंच नसतं. पाणी तिथे, खडी तिथे, जाळी तिथे. आडवी जाळी बसवायची सोडून चाकाच्या दिशेला समांतर पट्ट्यांची जाळी बसवलेली मी स्वतः उखडायला लावली आहे. माझं टोपणनाव रस्त्याच्या उतारावरून घेतलंय. तो उतारच सगळा कचरा सायकलवाल्याच्या चाकाखाली आणतो, त्याबद्दल क्षमस्व.

मुलीला सांगा, फट ओलांडायची वेळ आली तर तिरकं नको, जमेल तेवढं काटकोनात ओलांडायचं.

वजनकाटा

बराच वेळ नुसता वाचत होतो. मी दुकानदार आहे, पुण्यातच, कोणता रस्ता ते सांगत नाही. दुकानदार म्हणजे खलनायक असं चाललंय, म्हणून लिहितो.

माझ्या दुकानात माल टेम्पोने येतो. टेम्पोला थांबायला आखलेली जागा नाही. सकाळी अकराच्या आत उतरवा म्हणतात, पण ट्रान्सपोर्टवाला माझ्या सोयीने येत नाही. पंचवीस किलोची पोती हमाल शंभर मीटर वाहील का? वाहील, पण पैसे मागेल, आणि ते बरोबरच आहे. समोर पार्किंग नसेल तर गिऱ्हाईक मोबाइलवर मागवतं, दहा मिनिटांत घरी. बरं, ते घेऊन येणारा मुलगा त्याची गाडी कुठे लावतो? माझ्याच दुकानासमोर, तुमच्या ट्रॅकवर. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस आमचं वर्ष असतं. त्या दिवसांत टोइंगची गाडी फिरली की गिऱ्हाईक हातातली पिशवी टाकून पळतं. हे सोसून दुकान चालवून दाखवा.

मडगार्ड

काका, खलनायक नाही म्हटलं कुणी. टेम्पोच्या आखलेल्या जागेसाठी मी तुमच्या बाजूने सही करायला तयार आहे, खरंच. पण एक विचारू? रागावू नका. तुमच्या दुकानासमोर सकाळी दहापासून रात्री नऊपर्यंत जी गाडी उभी असते ती कुणाची असते?

खारी_बिस्किट

आई गं.

वजनकाटा

माझी.

आणि शेजारच्याची त्याच्या दुकानासमोर. लावली नाही तर दुसरं कोणी लावून जातं आणि दुकान झाकलं जातं, म्हणून सकाळी आल्याबरोबर लावून टाकतो. सगळेच लावतात.

तीन_टक्के_उतार

वजनकाटासाहेब, खरं बोललात, मानलं तुम्हाला. हिशेब बघा: एका जागेवर तुमची गाडी अकरा तास. तीच जागा वीस-वीस मिनिटांच्या गिऱ्हाइकांना मिळाली तर तासाला तीन, दिवसाला तीसच्या वर. कमी तुम्हाला गाडी लावायला जागा पडत नाहीये, गिऱ्हाइकाला पडतेय, आणि ती तुम्हीच अडवलीये. रस्त्यावरच्या पार्किंगला तासावर पैसे लावायचं मूळ कारण हेच. पुण्याचं पार्किंग धोरण २०१८ साली मंजूर झालं, मोजक्या रस्त्यांवर प्रयोग करायचं ठरलं, आणि विरोधही सगळ्यात मोठा तिथेच झाला. फुकट जागेवर पहिला हक्क सकाळी लवकर येणाऱ्याचा, आणि तो दुकानदार असतो.

रिव्हर्स_गिअर

म्हणजे मी अर्धा तास घिरट्या घालतो ते दुकानदारांच्या गाड्यांपायी? हे मला आजपर्यंत सुचलं नव्हतं. पैसे भरेन मी, पण जागा मिळाली पाहिजे.

कालव्याकाठी

नेदरलँड्समधून, उट्रेख्तजवळून. इकडचं लिहिलं की "तिकडचं इकडे चालत नाही" असं येतं, म्हणून तिकडचं जुनं लिहिते. १९७१ साली या एवढ्याशा देशात रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं गेली, त्यांत चारशेहून जास्त लहान मुलं. तेव्हा इथले चौकही गाड्यांनीच भरलेले होते. 'मुलांच्या हत्या थांबवा' अशा अर्थाच्या नावाची चळवळ त्यातून उभी राहिली. आयाबाप रस्त्यावर उतरले. आणि ग्रोनिंगेन शहराने १९७७ मध्ये मध्यवस्तीचे चार भाग करून एका भागातून दुसऱ्यात मोटारीने जाता येणार नाही असं केलं, तेव्हा सगळ्यात जास्त ओरडले कोण? दुकानदार. तीच मध्यवस्ती आज माणसांनी फुललेली असते.

दाराबद्दल: लांबच्या हाताने दार उघडायची सवय. पुण्यात चालकाने डाव्या हाताने उजवं दार उघडायचं. करून बघा, अंग आपोआप वळतं आणि मान मागे जाते. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये २०२२ पासून हे लिहिलेलं आहे. त्यांच्याही गाड्या आपल्यासारख्याच, चालक उजवीकडे.

अजून एक. एकेरी रस्त्यांवर इथे बहुतेक ठिकाणी पाटीखाली छोटी पाटी असते, 'सायकली सोडून'. पुण्यात जंगली महाराज रस्ता एका दिशेचा, फर्ग्युसन रस्ता उलट दिशेचा. मोटारीला तो वळसा दोन मिनिटांचा, सायकलला चढासकट दहाचा. मग सायकलवाला उलटा येतो आणि सगळे त्याला शिव्या घालतात. मीही आले आहे उलटी, मॉडर्न कॉलेजात असताना. कबूल.

जुना_पेठी

लांबच्या हाताने दार उघडून पाहिले. खांद्यात कळ आली. पण मागे बघितलं गेलं खरं.

ऑरेंजसिटी

नागपूरहून. आमच्याकडचे रस्ते तुमच्यापेक्षा रुंद आहेत म्हणून सुखी असू असं वाटतं ना? रुंद रस्त्यावर गाड्या दोन ओळींत लावतात, एवढाच फरक. पहिली ओळ सरळ, दुसरी "दोन मिनटात येतो भाऊ" वाली. २०२० मध्ये केंद्राने सायकलींसाठी शहरांची स्पर्धा घेतली, तीत पुढे जिंकलेल्या अकरा शहरांत नागपूरही होतं आणि तुमचं पिंपरी-चिंचवडही. लॉकडाउनमध्ये कोन ठेवून सायकल चालवायला मजा आली. दुकानं उघडली अन् कोनाच्या आत गाड्या लागल्या. काही कोन तर दुकानदारांनी स्वतःची जागा राखायला वापरले!

तिरक्या पार्किंगवर कोणी बोललं नाही अजून. बाजारात गाड्या तिरक्या, तोंड दुकानाकडे. निघताना मागे घेतात. मागच्या काचेतून शेजारच्या गाडीची मागची बाजू तेवढी दिसते. सायकल दिसायच्या आधी गाडी तीन फूट बाहेर आलेली असते. दार निदान एक मीटर येतं, ही अख्खी गाडीच येते.

तीन_टक्के_उतार

तिरक्या पार्किंगचा मुद्दा अगदी बरोबर. वर त्याला रस्त्याचे पाच मीटर लागतात, समांतरला दोन पुरतात. करायचंच असेल तर उलटं करावं: लावताना मागे घ्यायची, निघताना तोंड रस्त्याकडे. पण लावताना मागे घ्यायला मागच्याने थांबायला हवं. मागचा थांबेल का, हा आकडा माझ्या कोष्टकात नाही.

मुंबईकर_८_४२

बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) २०११ च्या सुमारास कोट्यवधी खर्चून ट्रॅक बांधला होता. मी त्यावर सायकल कधी पाहिली नाही, कॅब रोज पाहिल्या. बास, एवढंच.

पाटावरवंटा

सम-विषम तारखांचा अनुभव आहे का कुणाला? आमच्या रस्त्याला पी-१, पी-२ आहे. विषम तारखेला आमच्या बाजूला गाड्या, सम तारखेला समोरच्या. आता मी कॅलेंडर बघून ठरवते: सम तारखेला मुलगी सायकलने जाते, विषमला मी स्कूटरवर सोडते. एकतीस तारखेनंतर एक तारीख आली की लागोपाठ दोन दिवस स्कूटर. लेकीने ते पाठ करून ठेवलंय आणि "आई, फेब्रुवारी बरा" असं म्हणते.

मडगार्ड

पाटावरवंटा, 😄 अहो, हसू की रडू. पण खरंच, यातून उतारकाकांचं म्हणणंच सिद्ध होतं ना? रस्ता तोच, बसही तीच, मुलगीही तीच. फक्त कडेची गाडी नसली की सायकल जाते.

फूटपट्टी_वकील

कायद्याचं थोडं. मोटार वाहन कायद्याचं कलम १२२ हे धोकादायक किंवा अडथळा होईल अशा जागी गाडी सोडण्याबद्दल आहे, १२७ गाडी उचलून नेण्याबद्दल. हे सगळ्यांना माहीत असतं. २०१९ च्या दुरुस्तीत आलेलं १९८-अ मात्र कमी जणांना माहीत आहे: रस्त्याची रचना, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या मानकांनुसार केली नाही आणि त्यामुळे मृत्यू झाला किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला, ठेकेदाराला, सल्लागाराला एक लाखापर्यंत दंड. म्हणजे 'रचना चुकली' हे कायद्यालाही आता बोलता येतं. मडगार्ड, तुमची मोजमापं तारीख-वेळेसकट, फोटोसकट जपून ठेवा.

आकडेवारीबद्दलही एक. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. पैकी पादचारी ३२,८२५, आणि सायकलस्वार साडेचार हजारांहून जास्त. सरकारी अहवालात धडकेचे प्रकार असतात: समोरून, मागून, उभ्या वाहनाला, वगैरे. आता समजा, तुम्ही उभ्या गाडीला चुकवायला बाहेर आलात आणि मागच्याने उडवलं. नोंद होणार 'मागून धडक'. उभी गाडी कागदावर येतच नाही. पोलीस पंचनाम्याला येईपर्यंत ती गाडी निघूनही गेलेली असते, दूध घेऊन.

रिव्हर्स_गिअर

"दूध घेऊन." हे वाक्य लागलं. दूध घ्यायला मीच जातो रोज.

वजनकाटा

परवापासून एक करतोय, सांगायचं नव्हतं पण सांगतो. गाडी घरी ठेवली, दुकानात दुचाकीने जातो, ती मागच्या बोळात लावतो. समोरची जागा मोकळी. पहिल्या दिवशी तिथे शेजारच्याच्या मेव्हण्याने गाडी लावली आणि संध्याकाळपर्यंत नेली नाही. तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी पोऱ्याला स्टूल टाकून बसवला आणि सांगितलं, गिऱ्हाईक असेल तर पंधरा मिनिटं, नाहीतर नको. दिवसभर काउंटरवरून मोजलं, दुसरं काम नव्हतं. चारचाकीतून आलेली गिऱ्हाइकं एका हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी. बाकी दुचाकी आणि पायी. आणि पायी येणारे वाण्याच्या यादीसकट येतात, चारचाकीवाले एक काजूचं पाकीट घेतात. तीस वर्षं गल्ल्यावर बसतोय, हे डोळ्यांसमोर होतं आणि दिसलं नव्हतं.

यावरून मी सायकलवाला झालो असं समजू नका. टेम्पोला जागा पाहिजे म्हणजे पाहिजे.

जुना_पेठी

लक्ष्मी रस्त्यावर २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन करतात, वाहनं बंद. पहिल्या वर्षी मी मुद्दाम रस्त्याच्या मधोमध चालत गेलो, दोन्ही हात मागे बांधून. दुकानं उघडी होती आणि गर्दीही होती. एक दिवस जमतं, मग बाकीचे ३६४ दिवस काय होतं, हे मी तिथल्या एका दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, "आजोबा, घ्यायचंय का काही?"

खारी_बिस्किट

पॉपकॉर्न संपले. धाग्यावर भांडण झालं नाही, पैसे परत द्या.

मडगार्ड

प्लास्टर सोमवारी निघतंय. डॉक्टर म्हणाले सहा आठवडे सायकल नाही, मी चारवर घासाघीस करतेय.

उतारकाका आणि फूटपट्टी, तुमच्या सांगण्यावरून अर्ज लिहायला घेतलाय. ट्रॅक उठवा, गाड्या हटवा असं काहीच मागत नाहीये. तीनच गोष्टी: बेकरीपासून औषधांच्या दुकानापर्यंतच्या चारचाकीच्या दोन जागा दुचाकींना आखून द्याव्यात, टेम्पोसाठी एक जागा वेळ लिहून द्यावी (वजनकाटाकाका, ही तुमच्यासाठी), आणि गल्लीच्या तोंडाशी दोन्ही बाजूंनी दहा मीटर काहीच उभं राहू नये असा अडथळा बांधावा, नुसता रंग नको. अर्जाला नकाशा जोडायचाय, फ्रंट मार्जिनसकट. रविवारी सकाळी सात वाजता जाणार आहे, दुकानं उघडायच्या आत.

माझी टेप पाच मीटरची आहे, दर वेळी भाऊ ६.४ पर्यंत पोचेस्तोवर खडूची खूण पुसली जाते. कोणाकडे मोठी असेल तर घेऊन या.

तीन_टक्के_उतार

तीस मीटरची आहे. पण तुमच्यापर्यंत येईन सायकलने, आणि रविवारी विषम तारीख आहे. साडेसात धरा.